पाणलोटाची किंमत काढता येते, पण ती चुकती कोणाला करायची?

ओहोळ (धागालेखक):

पाणलोट क्षेत्राच्या आर्थिक मूल्याचा विषय निघाला की कुणीतरी एक अजस्र आकडा पुढे ठेवतं आणि चर्चा तिथेच थांबते. १९९७ साली पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या परिसंस्थांकडून मिळणाऱ्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर अशी मांडली. तेव्हा जगाचं एकूण उत्पन्न साधारण १८ लाख कोटी डॉलर होतं. आकडा गाजला आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. त्यातली एक टीका मला पूर्ण पटते. सगळा निसर्गच नाहीसा झाला तर किती नुकसान होईल, हा प्रश्न प्रत्यक्षात कुणापुढेच नसतो. प्रश्न असतो तो अमुक एका डोंगराच्या अमुक इतक्या उताराचा. तो उघडाबोडका झाला तर खालच्या धरणात, विहिरींत, वस्त्यांत काय बदलेल आणि राखला तर काय बदलेल? या दोन चित्रांमधला फरक म्हणजे त्या उताराचं मूल्य.

हा फरक बहुतेक वेळा मोजता येतो. अडचण पुढे येते. पाणलोट राखण्याचा लाभ पाण्याबरोबर खाली उतरतो, राखण्याचे कष्ट मात्र वरच राहतात. वरच्या माणसानं गुरं आवरायची, पीक बदलायचं, उतारावर नांगर घालायचा नाही; आणि स्वच्छ पाणी, कमी गाळ, सौम्य पूर हे सगळं मिळणार खालच्याला. खालून वर काहीच जात नसेल तर मूल्यमापनाचा अहवाल कितीही चोख असला तरी डोंगरावर त्यानं काडीचाही फरक पडत नाही. या धाग्यात मला याच देण्याघेण्याबद्दल बोलायचं आहे.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण न्यूयॉर्क शहराचं. त्याचं बहुतांश पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं. १९८९ साली अमेरिकेत नद्या-तलावांतून पिण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे (पृष्ठजलाचे) नियम कडक झाले आणि शहरापुढे दोनच वाटा उरल्या. एक, अवाढव्य गाळणी प्रकल्प उभारायचा, ज्याचा भांडवली खर्चच ६ ते ८ अब्ज डॉलर धरला होता आणि वर दरवर्षीचा चालवण्याचा खर्च वेगळा. दुसरी, पाणी मुळात घाण होणारच नाही अशी पाणलोटाची काळजी घ्यायची. शहरानं दुसरी निवडली आणि ती पहिलीच्या कितीतरी पटींनी स्वस्त पडली.

इथवर गोष्ट सगळे सांगतात. मधला भाग गाळला जातो, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. वरच्या गावांचा शहरावर जुना राग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या जलाशयांसाठी तिथली गावं उठवली गेली होती. १९९० च्या सुमारास शहरानं आधी नियमांचा मसुदाच पाठवला: अमुक अंतरात बांधकाम नको, तमुक अंतरात शेणखत नको. गावं पेटून उठली. पुढे कित्येक वर्षं बैठका चालल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये करार झाला. त्यात शहरानं मान्य केलेल्या गोष्टी बघा. जमीन फक्त स्वखुशीनं विकणाऱ्याकडूनच घ्यायची. घेतलेल्या जमिनीवर स्थानिक मालमत्ता कर भरत राहायचा, म्हणजे गावाचा महसूल बुडणार नाही. घरोघरच्या नादुरुस्त सेप्टिक टाक्या शहराच्या पैशानं दुरुस्त करायच्या. गोठ्यातलं सांडपाणी ओढ्यात जाऊ नये यासाठी शेतावर जे बांधकाम लागेल त्याचा खर्च शहरानं करायचा आणि ती योजना शेतकऱ्यांच्याच मंडळानं राबवायची. आर्थिक मूल्य म्हणतात ते अशा बारीकसारीक कलमांत उतरलं, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ राहिलं.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या व्हितेलचं. तिथल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून विकणाऱ्या कंपनीच्या लक्षात आलं की पाण्यातलं नायट्रेट वाढत चाललं आहे. कारण वरच्या शेतीत होतं. चारा म्हणून मका, त्याला रासायनिक खत, आणि थोड्या जागेत जास्त गुरं. १९८९ पासून सरकारी कृषी संशोधन संस्थेला बरोबर घेऊन कामाला सुरुवात झाली. संशोधकांनी नुसतं पाणी तपासलं नाही, शेतकऱ्याचा सगळा संसार समजून घेतला: त्याच्यावर कर्ज किती, जमीन कुणाची, मका सोडला तर जनावरं काय खातील, शेणखत कुजवायला आणि पसरायला माणसं कुठून येतील. मग करार झाले, तेही १८ आणि ३० वर्षांचे. मका बंद, रसायनं बंद, गुरांची संख्या जमिनीच्या प्रमाणात. त्या बदल्यात जमिनीपोटीच्या कर्जातून सुटका, नवे गोठे, सुरुवातीची पाच वर्षं हेक्टरी भरपाई, आणि कुजवलेलं खत शेतात पसरून देण्याची मजुरीसुद्धा कंपनीची. हे शेवटचं कलम किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरात काम करणारे दोनच हात आहेत त्याच्यासाठी करारावर सही करायची की नाही हे अशाच कलमावर ठरतं.

तिसरं थोडक्यात. बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीच्या पुरासाठी धरण बांधायचं ठरत होतं. लष्करी अभियंत्यांनी हिशेब करून सांगितलं की वरच्या भागातली पाणथळ जमीनच पुराचं पाणी धरून ठेवते, ती विकत घ्या आणि आहे तशी राहू द्या. १९७४ साली मंजुरी मिळाली. सुमारे ८१०० एकरांसाठी १ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला; धरणाला १० कोटी लागणार होते.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः जिथे पैसेवाला एकच गिऱ्हाईक नाही, हजारो छोटे वापरणारे आहेत, तिथे हे कसं जमवायचं, यावर वाचायला आवडेल.

गाळपेर:

उत्तम धागा. गाळाबद्दल थोडं लिहितो, कारण पाणलोटाच्या हिशेबातली सगळ्यात रोखठोक बाब तीच आहे. जगातल्या जलाशयांची साठवण दरवर्षी साधारण अर्धा ते एक टक्का गाळानं घटते, असा ढोबळ अंदाज मांडला जातो. अनेकांचा समज असतो की धरणाच्या तळाशी गाळासाठी मृतसाठा राखून ठेवलेला असतोच, मग घाबरायचं कशाला? पण गाळ तिथे शहाण्यासारखा जाऊन बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मोडतो आणि जाड वाळू, रेती तिथेच, म्हणजे जलाशयाच्या शेपटाकडे साठते. ती जागा जिवंत साठ्याची, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याची असते. म्हणून मृतसाठा भरायच्या कितीतरी आधी सिंचनाचं पाणी कमी पडू लागतं. आणि धरणाची चांगली जागा एकदाच मिळते. गाळ उपसून साठवण परत मिळवणं बहुतेक ठिकाणी न परवडणारं असतं.

याच कारणानं मला चंडीगडच्या सुखना तलावाचं आणि सुखोमाजरी गावाचं उदाहरण न्यूयॉर्कहून जवळचं वाटतं. १९५८ साली बांधलेला तलाव झपाट्यानं गाळानं भरू लागला. मृदसंधारणातले शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत वर गेले तेव्हा शिवालिकच्या टेकड्यांवर सुखोमाजरीची बोडकी, घळी पडलेली चराऊ जमीन सापडली. सत्तरच्या दशकात तिथे छोटे मातीचे बंधारे झाले. पण बंधाऱ्याचं पाणी ज्यांची शेतं खाली होती त्यांनाच मिळत होतं. ज्याला पाणी नाही त्यानं बकऱ्या डोंगरावरून का काढाव्यात? मग गावानं ठरवलं की पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क. जमीन नसलेल्याचाही. त्याला स्वतःला पाणी नको असेल तर त्यानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा. त्यानंतर डोंगराला कुंपण लागलं नाही. लोकांनीच चराई आवरली, भाबर गवत वाढलं, त्याचंही उत्पन्न गावाच्या संस्थेकडे येऊ लागलं.

पाणकावळा:

माहिती चांगली आहे, पण मूळ मांडणीलाच माझा आक्षेप आहे. नदीला किंमत लावली की ती विकायला काढण्याची पहिली पायरी चढलो. आज कंपनी म्हणते, झरा वाचवण्यासाठी शेतकऱ्याला पैसे देऊ. उद्या म्हणेल, पैसे दिले म्हणजे झरा आमचा. ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या राई राखली, ओढे राखले, त्यांनी भाव विचारला नव्हता. पैसे सुरू झाले की राखण्याची ती आच संपते, आणि पैसे बंद झाले की राखणंही बंद.

दुसरं असं की अशा योजनांत पैसे जमिनीच्या मालकाला मिळतात. कोस्टारिकानं १९९६ च्या वनकायद्यानं जंगल राखणाऱ्याला मोबदला सुरू केला, इंधनावरच्या करातला हिस्सा त्याला दिला. जंगल तिथे खरोखर परत वाढलं आहे, हे मी नाकारत नाही. पण सुरुवातीच्या काळात ज्याच्याकडे जमिनीचे पक्के कागद नव्हते तो बाहेर राहिला. गरीब माणसाकडेच कागद नसतात.

ओहोळ (धागालेखक):

पाणकावळा, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि गाळपेर यांनी सांगितलेलं सुखोमाजरी हे त्यावरचं उत्तर आहे. तिथे हक्क जमिनीला न जोडता कुटुंबाला जोडला.

पहिल्याबद्दल माझं मत वेगळं आहे. किंमत काढणं आणि विक्रीला काढणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. हिशेबात पाणलोटापुढे आकडा लिहिला नाही तर तिथे शून्य धरलं जातं. खाण, रस्ता, इमारती यांच्यापुढे मात्र आकडा असतोच. मग निर्णय कुणाच्या बाजूनं लागणार हे ठरलेलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ साली परिसंस्थांच्या लेखांकनाची पद्धत स्वीकारली ती याचसाठी: देशाच्या जमाखर्चात ही पुंजी दिसावी, तिची झीज दिसावी. झऱ्याची मालकी मात्र करारात स्पष्टपणे सार्वजनिक राहिली पाहिजे, यात दुमत नाही.

हजारो छोट्या वापरणाऱ्यांबद्दल मीच विचारलं होतं. इक्वेडोरची राजधानी असलेल्या क्विटो शहरानं २००० साली पाण्यासाठी विश्वस्त निधी सुरू केला. पाणीपुरवठा संस्था आपल्या पाणीविक्रीच्या उत्पन्नातले २ टक्के त्यात टाकते. म्हणजे प्रत्येक नळामागचा अगदी लहानसा हिस्सा अँडीजच्या माथ्यावरच्या गवताळ प्रदेशापर्यंत पोहोचतो. निधी विश्वस्तांकडे असल्यानं सत्ता बदलली तरी काम चालू राहतं. निवडणुकीच्या पाच वर्षांत पाणलोट सुधारत नाही, म्हणून ही रचना महत्त्वाची.

हिशेबवही:

आकडे काढणाऱ्यांच्या बाजूनं दोन सावधगिरीच्या गोष्टी.

दुहेरी मोजणी फार होते. उतारावर माती टिकली त्याचं मूल्य एकदा धरतात, त्यामुळे पाणी स्वच्छ आलं म्हणून शुद्धीकरणाचा खर्च वाचला तो दुसऱ्यांदा, आणि स्वच्छ पाण्याची किंमत तिसऱ्यांदा. लाभ एकच आहे, तो वापरणाऱ्याच्या हाती जिथे पडतो तिथे एकदाच मोजायचा. अहवाल फुगवला की विरोधक नेमकं तेवढंच बोट ठेवून सगळाच हिशेब मोडीत काढतो.

दुसरी आणि जास्त घातक गोष्ट म्हणजे सूट दर. भविष्यातला लाभ आजच्या किमतीत आणताना जो दर धरतात तो. आजपासून ३० वर्षांनी मिळणारे १०० रुपये १० टक्के दरानं आज ६ रुपयांपेक्षाही कमी भरतात. ३ टक्के दरानं तेच ४१ होतात. पाणलोटाचा खर्च सगळा सुरुवातीला आणि लाभ पुढच्या पिढीपर्यंत पसरलेला, त्यामुळे दर कोणता धरला यावर प्रकल्प 'फायद्याचा' की 'तोट्याचा' ते ठरतं. हा दर अहवालाच्या कुठल्यातरी परिशिष्टात एका ओळीत लिहिलेला असतो. अहवाल हातात आला की आधी ती ओळ शोधा. पुढच्या पिढीच्या पाण्याला आपण किती कमी लेखलं आहे ते तिथे उघड दिसतं.

माथा ते पायथा:

मी पाणलोटाच्या कामावर असतो, त्यामुळे जमिनीवरचं सांगतो.

सलग समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर. खणलेली माती खालच्या अंगाला रचायची. पातळी पाणनळीनं घेतात, डोळ्यानं नाही. चराचं एक टोक चार बोटं जरी खाली गेलं तरी पाणी तिकडे धावतं, तिथला भराव फोडतं आणि खाली घळ पाडतं. म्हणजे चर न खणता जेवढी माती गेली असती त्याहून जास्त जाते. ठेकेदार चरांची लांबी मोजून बिल लावतो, पातळी कुणी तपासत नाही. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडेच यायला हवं. आधी खालचा मोठा बंधारा बांधला तर पहिल्या काही पावसांत तो गाळानं भरतो. तरी सगळीकडे बंधारा आधी होतो, कारण तो दिसतो आणि त्याचं उद्घाटन करता येतं.

आता चराईबंदी. 'बंदी' लिहायला एक शब्द लागतो. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि जमीन नाही त्याच्यासाठी ती पगार बंद झाल्यासारखी आहे. गवत परत यायला निदान दोन-तीन पावसाळे जातात. तेवढे दिवस त्यानं काय करायचं याची तरतूद पहिल्या दिवशी कागदावर हवी: कापून नेण्याच्या गवतात वाटा, कामावरची मजुरी, आणि पाण्यात हक्क.

पाण्यातल्या हक्काचा विषय निघाला की विलासराव साळुंखे यांचं नाव घ्यावंच लागतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यांनी काम सुरू केलं, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे होते. पाणी माणशी, जमिनीच्या प्रमाणात नाही. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. उसाला पाणी नाही. हिवरे बाजारनंही पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त पाळली. पाणी अडवण्याचं काम पुष्कळ ठिकाणी झालं. अडवलेलं पाणी कोण किती उपसणार हे जिथे ठरलं नाही तिथे जास्त खोल विहीर घेणाऱ्यानं ते नेलं.

शिवार:

वाचतोय. एक शंका: झाडं लावली की पाणी वाढतं, हे तर सर्वमान्य आहे ना? मग सगळा पैसा वृक्षलागवडीवरच का घालू नये?

गाळपेर:

शिवार, इतकं सरळ नाही. झाड पाणी पितंही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या पाणलोटात मूळची वनस्पती म्हणजे खुरटी झुडपं. तिथे बाहेरून आलेले पाइन, बाभूळवर्गातली झाडं आणि निलगिरी पसरले आणि नद्यांचं पाणी घटलं. त्या देशात १९९५ पासून ही झाडं काढण्याचं सरकारी काम रोजगार देत चालू आहे. २०१८ च्या पाणीटंचाईच्या वर्षी केप टाउनसाठी वेगळा जलनिधी उभा राहिला. त्यांच्या हिशेबानं परकी झाडं वर्षाला ५५ अब्ज लिटर पाणी खातात, आणि ती काढून मिळणारं पाणी नवा प्रकल्प उभारून मिळणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

म्हणजे एकाच नियमावर पैसा लावता येत नाही. कडक, तुडवलेल्या जमिनीवर झाडोरा आणि गवत आलं तर पाणी मुरणं इतकं सुधारू शकतं की उन्हाळ्यातला झरा टिकतो. पण चांगल्या गवताळ माळावर दाट लागवड केली तर नदीचं एकूण पाणी कमीच होतं.

हिशेबवही:

याच्याच जोडीला एक अवघड गोष्ट, जी पाणलोटप्रेमींना आवडत नाही. वर प्रत्येक नाल्यावर बंधारा झाला आणि मुरलेलं पाणी वरच उपसलं गेलं, तर खालच्या धरणात येणारं पाणी घटतं. चांगल्या पावसाच्या वर्षी ते कळत नाही, टंचाईच्या वर्षी खालच्यांना नेमकं तेव्हाच कळतं. ठिबकचंही तसंच. शेतात पाणी वाचतं, पण पूर्वी पाझरून नदीला परत मिळणारं पाणीही थांबतं, आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी जास्त क्षेत्र भिजवतो. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात सरकारनं ठिबकसारख्या सुधारणांवर प्रचंड पैसा घातला, आणि त्यातून नदीला नेमकं किती पाणी परत मिळालं यावर अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. गावाचा ताळेबंद जुळला तरी खोऱ्याचा जुळतोच असं नाही. त्यामुळे उपशाला मर्यादा नसेल तर बचतीला अर्थ नाही.

पाणकावळा:

या मुद्द्याशी पूर्ण सहमत. आणि यातून माझा आक्षेप थोडा बदलतो. आकडा काढायला हरकत नाही, पण आकडा काढण्याआधी कोणाचा किती हक्क हे ठरलं पाहिजे. सुखोमाजरी आणि नायगावला क्रम तसाच होता.

एक व्यवहारातला प्रश्न राहिला. वरच्यांनी काम केलं आणि खालचे पैसे देत आहेत असं समजू. पाच वर्षांनी खालचा म्हणाला, 'आम्हाला तर फरक दिसत नाही', तर काय दाखवायचं?

ओहोळ (धागालेखक):

क्रमाबद्दलचं म्हणणं योग्य आहे, धाग्याच्या शीर्षकात मी तो उलटा ठेवला होता असं म्हणा हवं तर.

दाखवायचं काय, याची तयारी काम सुरू होण्याआधी करावी लागते. शेजारचा एक सारखाच पाणलोट, जिथे काम होणार नाही, तोही मोजायला घ्यावा. नाहीतर चांगला पाऊस झाला की श्रेय कामाला आणि वाईट झाला की दोषही कामालाच. करारात मोबदल्याचा मोठा भाग केलेल्या कामाला जोडावा, म्हणजे गुरं आवरली का, चर शाबूत आहेत का, याला. दुष्काळ पडला तर त्याची शिक्षा वरच्या माणसाला होता कामा नये, पाऊस त्याच्या हातात नाही. थोडा भाग मात्र पाण्याच्या गुणवत्तेला जोडायला हरकत नाही.

गाळाचे नमुने घेताना एक चूक सर्रास होते. ठरल्या वारी कर्मचारी जातो, बाटली भरतो, परत येतो. पण वर्षभराचा बहुतेक गाळ मोजक्या पुरांत येतो, त्यातही चढत्या पाण्यात जास्त. ते तास हुकले तर वर्षभराचे अहवाल नदी स्वच्छ असल्याचं सांगत राहतात आणि जलाशय भरत राहतो. म्हणून ओढ्याजवळच राहणाऱ्या दोन-तीन घरांना ठरावीक मानधन देऊन पाणी चढायला लागलं की दर अर्ध्या तासानं बाटली भरायला सांगावं, बाटलीवर वेळ आणि पाण्याची पातळी लिहावी. जलाशयात दर काही वर्षांनी ध्वनिलहरींनी खोली मोजून ते आकडे पडताळून घ्यावेत. आणि दोन्ही नोंदी वरच्या आणि खालच्या, दोन्ही गावांत सारख्याच लावाव्यात.

माथा ते पायथा:

त्या मानधनाची रक्कम कराराच्या खर्चातच धरा. मी पाहिलेल्या कामांत सगळ्यात आधी कात्री लागते ती मोजणीला.